स्तुती ऐकली की मी स्वतःच खोट दाखवते. यावर काय करावे?

कुंचला (प्रश्न)

नमस्कार. पेणजवळच्या एका गावात आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. 'कारखाना' हा आमच्याकडचा शब्द. प्रत्यक्षात ती घरामागची पत्र्याची पडवी आहे आणि हंगामात तिथे आम्ही सहा जण शाडूच्या साडेतीनशे-चारशे मूर्ती करतो. लग्न होऊन आले तेव्हा साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे ओल्या ब्रशने बुजवणे एवढेच काम माझ्याकडे होते. पुढे रंगकाम आले, आणि गेली नऊ वर्षे आखणी, म्हणजे डोळे काढण्याचे काम, पूर्णपणे माझ्याकडे आहे. सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, हात कापू लागला तेव्हा त्यांनी एका सकाळी काही न बोलता बारीक ब्रश माझ्यासमोर ठेवला होता. बाकी सगळे उत्तम होऊनही डोळा बिघडला की मूर्ती बिघडते, त्यामुळे हे काम जोखमीचे मानतात.

माझी अडचण कामाची नाही, कामाबद्दल कोणी चांगले बोलले की जे होते त्याची आहे. चतुर्थीच्या आधी मूर्ती न्यायला आलेले गिऱ्हाईक "डोळे किती बोलके आहेत हो" असे म्हणाले, की माझ्या तोंडून "कसचं काय, या वर्षी घाईच झाली" असे निघून जाते. कधी "साचा अण्णांचा आहे", कधी "रंग चांगला लागला". आमच्या घरी लहानपणी कोणी गुणांचे कौतुक केले तर वडील लगेच "हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका तिला" असे म्हणत, आणि पाहुणे गेले की आई मीठ-मोहरीने दृष्ट काढत असे. त्यामुळे स्तुती ही ताबडतोब झटकून टाकण्याची वस्तू आहे, हे अंगात मुरले आहे.

या वर्षी मात्र माझ्या हातून वाईट घडले. ठाण्याचे एक कुटुंब पंधरा वर्षे आमच्याकडून मूर्ती नेते. त्या घरच्या बाई मूर्तीसमोर उभ्या राहिल्या, त्यांचे डोळे भरून आले आणि त्या म्हणाल्या, "या वर्षी तो माझ्याकडेच बघतो आहे." त्यावर मी काय म्हणावे? "डावी पापणी जरा खाली उतरली आहे, तुमच्या लक्षात आले नाही." त्यांचा चेहरा उतरला. विसर्जनानंतर दुसऱ्याच कामासाठी त्यांचा फोन आला तेव्हा त्या हसतच म्हणाल्या, की दहा दिवस आरतीला उभे राहिले की नजर आधी त्या पापणीवरच जायची. मिस्टर म्हणाले, "तुला वाटते तू स्वतःला कमी लेखलेस, पण तू त्यांचा गणपती कमी केलास." हे वाक्य दिवाळी झाली तरी डोक्यातून जात नाही.

त्या वेळी काय बोलावे, हे कोणी सांगितले तर शिकता येईल. पण मला खरोखरच ते दिसत नाही, जे त्यांना दिसते. मूर्तीकडे पाहिले की मला फक्त माझा चुकलेला हात दिसतो. मग "धन्यवाद" म्हणणे हे खोटे बोलणे नाही का?

सावली

मी वीसेक वर्षे पुण्यात समुपदेशनाचे काम करते. तुमचे पत्र वाचताना मला अनेक जणी आठवल्या, आणि त्यांतल्या बहुतेक आपापल्या कामात तरबेज होत्या.

पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली एक निबंध लिहिला. 150 हून अधिक यशस्वी स्त्रियांबरोबर काम करताना त्यांना आढळले, की पदव्या, पदे आणि मान्यता मिळूनही या स्त्रियांना आपण मुळात तेवढ्या लायक नाही, इतरांचा काहीतरी गैरसमज झाला आहे आणि तो एक दिवस उघडा पडेल, असे वाटत असे. यशाचे श्रेय त्या नशिबाला, ओळखीला किंवा परीक्षकाच्या चुकीला देत. पुढे पुरुषांतही हे आढळले. हा आजार नव्हे आणि त्याचे निदान म्हणून कोणी प्रमाणपत्र देत नाही. ही विचार करण्याची एक सवय आहे. तुमच्या पत्रात श्रेय साच्याला गेले आहे, रंगाला गेले आहे, फक्त ब्रश धरणाऱ्या हाताला गेलेले नाही. घाई तेवढी तुमच्या वाट्याला आली.

मनात आपले एक चित्र ठरलेले असते आणि बाहेरून आलेली गोष्ट त्या चित्रात बसली नाही, तर मन चित्र बदलण्याऐवजी ती गोष्टच परत पाठवते. वाईट का असेना, पण ओळखीचे चित्र माणसाला सुरक्षित वाटते. म्हणूनच "तू फार छान आहेस" असे दहा वेळा ऐकून काहीही फरक पडत नाही.

फरक कशाने पडतो, याचा एक प्रयोग मला कामात उपयोगी पडला आहे. डेनिस मॅरिगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली तो प्रसिद्ध केला. स्वतःबद्दल फारसे बरे मत नसलेल्या तरुणांना त्यांनी आपल्या जोडीदाराने केलेली एखादी स्तुती आठवायला सांगितली. जे नुसते काय घडले ते सांगत होते, त्यांना त्या स्तुतीचा फारसा आधार वाटला नाही. ज्यांना मात्र 'जोडीदाराला ते का आवडले आणि त्याचा तुमच्यासाठी काय अर्थ आहे' हे मांडायला सांगितले, त्यांना ती स्तुती खरी वाटू लागली, आणि हा परिणाम काही आठवड्यांनंतरही टिकून होता.

तेव्हा एक वही करा. ठाण्याच्या बाईंना मूर्ती आपल्याकडे पाहते आहे असे का वाटले असेल, हे त्यात लिहा. 'त्या भाविक आहेत म्हणून' एवढ्यावर थांबू नका, कारण भाविक तर त्या मागची चौदा वर्षेही होत्या. बुबुळ कुठे ठेवले होते, वरच्या पापणीची रेघ कुठे जाड केली होती, नजर किती खाली आणली होती, हे लिहावे लागेल. आणि ते लिहिताना तुम्हाला तुमच्याच हाताबद्दल लिहावे लागेल, त्याला इलाज नाही.

समोरासमोर बोलण्यापुरते सांगायचे, तर "तुम्हाला आवडले, मला बरे वाटले" एवढे म्हणावे आणि तोंड मिटावे. त्यानंतरचे तीन-चार क्षण फार अवघड जातात. ते जाऊ द्यावेत.

षड्ज

मी हार्मोनिअमवर साथ करतो, त्यामुळे माझा अनुभव बैठकीतला आहे.

पंचविशीत असताना एका मैफलीत माझ्या एका जागेवर, म्हणजे सुरांच्या एका छोट्या वळणावर, पुढे बसलेल्या वयस्कर गृहस्थांनी "वा!" म्हटले. मला ती जागा थोडी निसटल्यासारखी वाटली होती, म्हणून मी त्यांच्याकडे पाहून मान हलवून 'नाही, नाही' अशी खूण केली. मला वाटले, हा प्रामाणिकपणा आहे. मैफल संपल्यावर गायकबुवांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की तू नकार दिलास तो स्वतःला नव्हे, त्यांच्या कानाला दिलास. पन्नास वर्षे गाणे ऐकलेल्या माणसाला तू भर बैठकीत 'तुम्हाला कळत नाही' असे सांगितलेस. तुमच्या मिस्टरांचे वाक्य वाचून मला ते आठवले.

'दाद' हा शब्द मूळचा फारसी आहे आणि त्याचा अर्थ न्याय असा आहे. म्हणूनच आपण कोर्टात दाद मागतो आणि बैठकीत दाद देतो. दाद देणारा माणूस कलाकारावर उपकार करत नसतो आणि लाडही करत नसतो, तो आपला निवाडा देत असतो. निवाडा आपल्या बाजूने लागला म्हणून न्यायाधीशाशी भांडायचे, हे जरा विचित्रच नाही का?

आता अण्णांच्या साच्याबद्दल. आमच्याकडे गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. ती कृतज्ञता खरी असते, पण ती एका क्षणात होते आणि गाणे पुढे सुरू राहते. गुरूचे नाव ढालीसारखे पुढे धरून त्यामागे लपणे वेगळे. सत्काराला उत्तर देताना "हा सत्कार माझा नसून माझ्या संस्थेचा आहे" असे प्रत्येक सत्कारमूर्ती म्हणतो आणि शाल मात्र स्वतःच्या खांद्यावर घेऊन घरी जातो, तेव्हा त्या वाक्याला नम्रता म्हणायचे की रिवाज, असा मला नेहमी प्रश्न पडतो.

दासबोधातल्या मूर्खलक्षणांत 'आपली आपण करी स्तुती' असे म्हटले आहे, ते आपल्या सगळ्यांच्या घरी पाठ असते. पण समर्थांनी तिथे आपण आपली स्तुती करणाऱ्याला मूर्ख म्हटले आहे; दुसऱ्याने केलेली ऐकून घेणाऱ्याला नाही. शिवाय त्याच ओवीत पुढे 'सांगे वडिलांची कीर्ती' हेही मूर्खाचेच लक्षण सांगितले आहे, तेव्हा ताई, "साचा अण्णांचा" हे उत्तरही त्यात सापडते! (राग मानू नये.)

त्रयस्थ

वरच्या दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून थोडा विरोधी सूर लावतो. मी अकरा वर्षे जर्मनीत श्टुटगार्टजवळ यंत्रांच्या कारखान्यात आहे. या भागात एक म्हण आहे, तिचा अर्थ असा, की रागावले नाहीत म्हणजे पुरेसे कौतुक झाले. माझे पहिले साहेब काम पाहून 'पास्ट' एवढेच म्हणत, म्हणजे 'जमले'. घरी फोन केला की नातेवाईक पोळीच्या फोटोलाही टाळ्या वाजवतात, आणि इथे दोन वर्षांत मिळालेले एक 'पास्ट' मला अजून तारखेसकट आठवते. सांगायचे हे, की सगळी स्तुती न्यायनिवाडा नसते. बरीचशी तोंडदेखली असते आणि ती झटकावीशी वाटली, तर त्यात मनाचा काही बिघाड आहे असे मी मानणार नाही.

पण मग खरी कुठली, हे ओळखायचे कसे? मी माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या पायांकडे पाहतो. पंधरा वर्षे ठाण्याहून पेणला येणारे कुटुंब रस्त्यात किती मूर्तिकारांची दुकाने ओलांडून येत असेल, याचा हिशेब करा. त्यांतली शेवटची नऊ वर्षे डोळे तुमचे आहेत. त्यांनी एकदाही स्तुती केली नसती, तरी हा पुरावा तुमच्यापुढे होताच.

दुसरे म्हणजे, चूक पाहणारा डोळा बंद करण्याच्या भानगडीत कृपया पडू नका. तो डोळा आहे म्हणूनच काम चांगले होते. प्रश्न फक्त एवढाच आहे, की तो कधी आणि कोणापुढे उघडायचा. आमच्याकडे यंत्र बाहेर पडण्यापूर्वी त्यातला ओरखडाही कागदावर नोंदला जातो, आणि ते गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहिल्यावर त्या ओरखड्याबद्दल कोणी बोलत नाही. मात्र पट्टा सैल असेल, तर ते सांगावेच लागते, मग कितीही नामुष्की होवो. तुमच्या धंद्यात बैठकीखाली तडा गेला असेल किंवा हात नीट वाळला नसेल, तर ते गिऱ्हाइकाला सांगणे तुमचे कर्तव्य आहे. पापणीची रेघ केसभर खाली असेल, तर ती तुमची आणि तुमच्या ब्रशची खासगी बाब आहे. त्यामुळे "धन्यवाद" हे खोटे आहे का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की तड्यावर पडदा टाकण्यासाठी म्हटलेले "धन्यवाद" खोटे आहे, पापणीवर म्हटलेले नाही.

वहीची कल्पना मला स्वतःला जमली नसती, पण तो स्वभावाचा भाग आहे.

निरांजन

मी मूर्ती घेणाऱ्यांपैकी आहे, करणाऱ्यांपैकी नाही, म्हणून तुमच्या 'मला ते दिसत नाही' या वाक्यापुरतेच लिहितो.

ताई, आपण मूर्ती किती अंतरावरून पाहता? आखणी करताना ती वीतभर अंतरावर असणार, वर ट्यूबलाइट असणार, आणि पाहणारा डोळा पुढची रेघ कुठे मारायची या चिंतेत असणार. आमच्या घरी ती मखरात, चौरंगावर बसते. आम्ही आरतीला उभे राहतो तेव्हा मधे चार-पाच फुटांचे अंतर असते, वरचा दिवा बंद असतो आणि ताम्हनातले निरांजन वरखाली होत असते. त्या हलत्या उजेडात बुबुळ हलल्यासारखे वाटते. लहान मुले तर दर वर्षी शपथेवर सांगतात, की बाप्पाने डोळे मिचकावले. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी दूर्वेने मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावतात, त्यामुळेही पहिल्या दिवशी त्यांना निराळीच चकाकी असते.

थोडक्यात, आम्ही पाहतो ती मूर्ती तुम्ही कधी पाहिलेलीच नाही. आम्हाला दिसते ते खोटे आणि तुम्हाला दिसते ते खरे, असे कशावरून? तुमच्या पडवीत एकदा पाच फुटांवरून, दिवे मालवून, निरांजनाच्या उजेडात पाहा आणि मग काय दिसले ते इथे लिहा.

सावली

निरांजन, मी इतके लिहिले, पण हा प्रश्न मला सुचला नाही. कुंचलाताई, वही राहू द्या, आधी हे करा.

कुंचला

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला फार दिवस गेले, कारण मधे माघी गणपतींचे काम होते.

त्या कामातल्या चार तयार मूर्ती एका संध्याकाळी पडवीत स्टुलांवर मांडल्या, दिवे मालवले आणि मुलाला निरांजन धरून समोर ओवाळायला सांगितले. मी ओटीच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. पहिल्यांदा हसू आले, कारण आपण आपल्याच मालाची आरती करतो आहोत असे वाटले. मग दुसऱ्या मूर्तीकडे नजर गेली. सकाळी तिची उजवी पापणी माझ्या मते बिघडली होती आणि तिथून मला ती पापणी शोधूनही सापडली नाही. मूर्ती खाली, पायाशी बसलेल्या माणसाकडे पाहावे तशी पाहत होती. ठाण्याच्या बाई काय म्हणत होत्या, ते मला कळले. थोडे भ्यायलाही झाले, कारण हे माझ्या हातून झाले आहे आणि कसे झाले ते मला नीटसे माहीत नाही.

त्रयस्थ यांना आवडेल अशीही एक गोष्ट सांगते. तिसऱ्या मूर्तीत जवळून काहीच दोष नव्हता, रेघा अगदी सारख्या होत्या, आणि पाच फुटांवरून तिची दोन्ही बुबुळे वेगवेगळ्या दिशांना पाहत होती. एवढ्या वर्षांत मी किती मूर्ती अशा पाठवल्या असतील, कोण जाणे. ती मी दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा आखली. आता प्रत्येक मूर्ती पायरीवरून पाहिल्याशिवाय बाहेर जात नाही, त्यामुळे कामाला वेळ जास्त लागतो आणि मिस्टर कुरकुरतात.

वही केली आहे, पण तिच्यात अजून दोनच पाने भरली आहेत. अण्णांना विचारले, की लोक तुमची स्तुती करत तेव्हा तुम्ही काय म्हणत होता. ते म्हणाले, "मी? मी मूर्तीवर रुमाल झाकायचो आणि म्हणायचो, सांभाळून न्या."

माघीच्या आधी पनवेलचे एक नवे व्यापारी मूर्ती पाहायला आले होते. डोळे पाहून त्यांनी "सुरेख" म्हटले. मी सावलीताईंनी सांगितल्याप्रमाणे "डोळे मीच आखते, तुम्हाला आवडले, बरे वाटले" असे म्हणून तोंड मिटले. ते तीन-चार क्षण खरोखरच फार अवघड गेले. त्यानंतर त्यांनी भाव कमी करायला सांगितले. एरवी मी केला असता. या वेळी केला नाही, आणि ते घेऊन गेले.

ठाण्याच्या बाईंना अजून फोन केलेला नाही. पापणीचा विषय पुन्हा काढला तर तो आणखी घट्ट बसेल, असे वाटते. त्यांच्या मूर्तीसाठी साचा मात्र काढून ठेवला आहे, आणि या वर्षी मूर्ती न्यायला येतील तेव्हा त्यांना आधी पायरीवर उभे करायचे, असे ठरवले आहे.